मोटारसायकलवर मागे बसलेला मेकॅनिक

वहिनी,

तुमच्या दहाव्याला पाण्याकाठी माणसं जमली होती, तिथं मी उभा राहून खरं सांगितलं. म्हणालो, "मंडळी, फ्रीझर दुरुस्त करणारा बापू मेकॅनिक मी नव्हे. ते सगळं काम आमच्या वहिनीचं." मग एकेक जण तोंडाला टॉवेल लावून हसायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "दुःखात बी बापूला किस्सा सुचतोय बघा." तेराव्याला पंगतीत पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. एकानं तर त्या आनंदात आणखी एक लाडू मागून घेतला. आठ वर्षं मी थापा मारल्या, त्या लोकांनी डोळे झाकून घेतल्या. एकदा खरं बोललो, तर तीच थाप ठरली. तुम्ही असतात तर पदर तोंडाशी धरून म्हणाला असतात, "भोगा आता."

म्हणून इंदापूरच्या साप्ताहिकात ही जागा मागून घेतली. तुम्ही कधी जन्मलात, कशानं गेलात, मागे कोण कोण आहे, ते चौकटीत छापून आलंच आहे. त्या चौकटीत एक ओळ राहिली, ती इथं लिहितो. पळसदेवपासून इंदापूरपर्यंत आणि खाली कळंब-वालचंदनगरपर्यंत ज्या कुणाची फ्रीझरची पेटी 'बापू मेकॅनिक'नं चालू केली, ती सुमनवहिनीनं चालू केली. मला आजही रिले आणि थर्मोस्टॅट यांतला फरक विचारू नका. एक काळा असतो आणि दुसरा... तोही काळाच असतो.

आपली पेटी घरी आली तो दिवस आठवतो? बारामतीत एक आईस्क्रीमचं दुकान बंद पडलं, त्यातली दादाला मिळाली. टेम्पोतून उतरवताना निम्मं गाव बघायला. तुमच्या सासऱ्यांचं, आबांचं, आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, झाकण उचलून आत हात घातला आणि निकाल दिला, "दूध न्हाय, लोकर न्हाय, आन् दिसभर नुसती घुं घुं करतीया. हिला कशापायी पाळायची?" पण आपण पाळली. धरणाच्या पाण्यात नावा घालणाऱ्यांकडून चिलापी, कटला, मरळ अशी मासळी घ्यायची, पेटीत ठेवायची, हमरस्त्यावरच्या ढाब्यांना पुरवायची. दादा वालचंदनगरला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. दुकान मी बघायचो, म्हणजे गल्ल्यावर बसून बोलायचो. पेटी तुम्ही बघायचात.

ती वर्षातून चारदा तरी रुसायची. मग बारामतीहून शब्बीर मिस्त्री एसटीनं यायचे, गॅसची छोटी टाकी गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलेली, जसं तान्हं लेकरू. ते पेटीमागं पालथे पडायचे आणि बॅटरी धरायला तुम्ही. पहिल्या खेपेला सारखं चाललं होतं, "भाभी, उजेड हितं. भाभी, उजेड जरा खाली." चौथ्या खेपेला ते काहीच बोलले नाहीत. मान वळवून तुमच्याकडं फक्त बघितलं. त्यांचा हात पोचायच्या आधी उजेड तिथं पोचलेला होता. जाताना चहा पिऊन ते मला म्हणाले, "बापू, पुढच्या टायमाला मला बोलावू नका. घरात हाय मेकॅनिक." मला वाटलं, माझ्याबद्दलच म्हणतायत. मी छाती जरा पुढं काढली. तुम्ही बघितलंत आणि कपबशा उचलून आत गेलात.

पण तुम्ही पहिल्यांदा एकटीनं पाना हातात घेतलात तो दसऱ्याला, आणि त्या दिवसातला खलनायक मी.

आदल्या दिवशी खंडेनवमी. तुम्ही देवीची ओटी भरायला माहेरी कळंबला गेला होतात. निघताना बजावून गेलात, "भावजी, पेटीच्या नादाला लागू नका." त्याला कारणही होतं. नवरात्रात मासळीला कुणी हात लावत नाही, आणि दसरा उलटला की अख्खा तालुका मासळीवर तुटून पडतो. त्या एका दिवसासाठी सात नावाड्यांनी आपली मासळी विश्वासानं आपल्या पेटीत ठेवली होती. ती नासली असती तर त्यांच्यातला एकही पुन्हा आपल्या दारात टोपली घेऊन आला नसता. दुकान तिथंच संपलं असतं.

आणि मी काय केलं? पूजा केली. खंडेनवमीला कोयता, कुदळ, पाना, पक्कड सगळं पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत. मी विचार केला, मग पेटीनं काय घोडं मारलंय? वर्षभर राबते बिचारी. बेंदराला बैल धुतात तशी मी तिला धुतली. बादल्यांनी पाणी ओतलं, पुढून, मागून, खालून. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, आणि बैलाच्या मानेवरचं जू उतरवावं तसा प्लग काढला. तिच्या झाकणावर थाप मारून म्हणालो, "जा, आज तुला सुट्टी." मग नैवेद्य राहिला म्हणून झाकण उघडलं आणि पुरणाची पोळी आत, चिलापीच्या उशाशी ठेवली.

दसऱ्याला सकाळी मोठ्या भक्तिभावानं प्लग लावला. मागून निळी ठिणगी उडाली, काळा धूर आला, आणि माळेतली दोन फुलं करपली. त्याच वेळी तुम्ही एसटीतून उतरून दारात.

"काय केलंत?"

"पूजा."

"प्लग कुणी काढला व्हता?"

"सुट्टी दिली व्हती."

"कुणाला?"

"पेटीला."

"बैल हाय का ती?"

घरातल्या सगळ्या गोधड्या आणून तुम्ही पेटीवर टाकल्यात, वर पोती टाकलीत. "आतली थंडी आता हाय तेवढीच. झाकण कुणी उघडलं तर हात मोडीन." मी बूथवर पळालो, बारामतीला फोन लावला. मिस्त्री पाहुण्यांकडं सोलापूरला गेलेले, बाजार सणाचा बंद. परत आलो तर तुम्ही पेटीच्या मागं आडव्या पडलेल्या, मागचा पत्रा बाजूला काढलेला. हातात एक जळका काळा ठोकळा आणि एक फुगलेला डबा.

"कॉम्प्रेसर शाबूत हाय," तुम्ही म्हणालात. "त्याला सुरुवातीचा धक्का देणारं सामान जळालंय. रिले आन् कंडेन्सर. तुमचा बैल जित्ता हाय भावजी, नुसता कासरा तुटलाय."

मग शेजारच्या तात्यांची विहीर. आपल्याकडं लाईट कधी धड येत नाही, म्हणून विहिरीवरच्या मोटारीला जोडीला कंडेन्सर असतोच. हे मलाही ठाऊक होतं. पण शेतातल्या मोटारीचा कंडेन्सर मासळीच्या पेटीला चालेल, हे डोकं तुमचं. तात्या आडवे आले. "सुमन, पूजा मांडलीया हत्यारांची. आज मोडतोड न्हाय करायची."

"तात्या, पूजा काल झाली. आज दसरा, हत्यार उचलायचा दिस. मी उचलते, तुमी बगा."

आणि पाटावरची पक्कड तुम्ही उचललीत, कुंकवासकट. तात्या बघतच राहिले. त्या घरात तोवर बाईमाणसानं पक्कड फक्त पूजेला पुसली होती.

रिले मात्र कुठं मिळणार? तुम्ही वर दाराकडं बघितलंत. दादानं हौसेनं बसवलेली बेल होती, तिचं बटण काढलंत. दोन वायरी जोडल्यात आणि ते बटण माझ्या हातात दिलंत. "मी प्लग लावते. घुं ऐकू आलं की दाबा, आवाज पळाया लागला की सोडा. जास्ती दाबून धरलं तर कॉम्प्रेसर बी जाईल."

"म्हंजी किती येळ दाबायचं?"

"तुमी एका दमात जितका येळ गप बसता, तेवढा."

म्हणजे अर्धा सेकंद. घुं झालं, मी दाबलं, आवाज पळाला, मी सोडलं. तुम्ही मागच्या पाइपावर हात ठेवून बसलात, वैद्यानं नाडी धरावी तशा, आणि बऱ्याच वेळानं हात काढून तो तसाच माझ्या गालाला लावलात. गार होता. त्या हाताइतकं गार मला आयुष्यात काही लागलं नाही, आणि इतकं बरंही.

पुढचे दोन दिवस मी स्टुलावर बटण हातात घेऊन बसलो. लाईट गेली की थांबायचं, आली की दाबायचं. येणारा-जाणारा थांबायचा. "काय चाललंय बापू?" "विहिरीच्या कंडेन्सरवर फ्रीझर चालवतोय." "आयला! कुणी जोडला?" आणि इथं, वहिनी, मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जोडला आपला." एवढंच. सगळं पाप त्या दोन शब्दांचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी सात नावाड्यांची मासळी दुपारपर्यंत खपली. तळाशी दगड झालेली पुरणपोळी निघाली, ती आबांनी तव्यावर गरम करून खाल्ली आणि पेटीबद्दल पहिल्यांदा बरा शब्द काढला.

आठवड्याच्या आत ढाबेवाले किसनराव मोटारसायकलवरून आले. "मेकॅनिक बापू हायत का?" मी आत आलो, घाम पुसत. तुम्ही भाकरी थापत होतात. म्हणालात, "चला की. वहिनीला कळंबला सोडाया निगालोय म्हणून सांगा. मी आत बायकांत बसते." पेट्या ढाब्याच्या आत, चुलीमागं, बायकांच्या राज्यात. माझ्या मोटारसायकलवर मागं तुम्ही, तुमच्या पिशवीत वर साडी आणि खाली पाना, पक्कड, बॅटरी. तुम्ही आत आणि मी बाहेर मालकाला गोष्टीत गुंतवून ठेवायचं. मधेच उठून "जरा बगून येतो" म्हणत आत चक्कर मारायची, हाताला काळं लावून परत यायचं.

लोक म्हणतात बापू गोष्टी सांगतो छान. अहो, त्या सांगाव्या लागल्या! झाकणाचं रबर कडक झालेलं असलं तर तुम्ही ते गरम पाण्यानं शेकून बसवायचात, रबर धरतंय का म्हणून कागदाची पट्टी झाकणात धरून ओढून बघायचात. त्याला गावातल्या एका भांडणाची गोष्ट पुरायची. गॅस भरायचा असला तर मला आमच्या आजोबांची कोकणापर्यंतची मेंढरं काढावी लागायची, मुक्कामा-मुक्कामानं. एकदा वालचंदनगरच्या मिठाईवाल्याकडं पेटीतली नळी तुंबलेली निघाली. माझी मेंढरं कोकणात जाऊन परत आली तरी आतून खोकला येईना. खोकला म्हणजे काम झालं, अशी आपली खूण. शेवटी मी मेंढरं पुन्हा कोकणात पाठवली. मिठाईवाला म्हणाला, "आत्ता तर परत आलती की!" मी म्हणालो, "एक कोकरू राहिलं व्हतं." आतून तुमचं हसू ऐकू आलं, आणि मला वाटलं, आता संपलं. पण तो म्हणाला, "वहिनी लई हसऱ्या हायत तुमच्या."

आणि बारामतीचा जुना बाजार! सुट्या भागांच्या ढिगापुढं दुकानदार मला विचारायचा, "साहेब, कितीचा रिले?" तुम्ही मागून माझ्या पाठीत बोटं टोचायचात. मग तुम्ही "पोरांना खेळाया नेते" असं म्हणत एकेक रिले उचलून कानाशी हलवायचात. आतला खटका मोकळा वाजला की पिशवीत, नाही वाजला की परत ढिगात. दुकानदार कौतुकानं बघायचा, खेडवळ बाई खुळखुळे निवडतेय म्हणून. त्या खुळखुळ्यांवर अर्ध्या तालुक्यातलं आईस्क्रीम गोठायचं, वहिनी. मला तेव्हाही अभिमान वाटायचा. नुसता बोलून दाखवला नाही.

आता जे राहिलं त्याबद्दल. दुकानाचा बोर्ड रंगवायला काढला, तेव्हा तुम्ही एकदाच बोललात. "भावजी, खाली माझं नाव टाका. मेकॅनिक म्हणून."

"दुकानाला देऊ की तुमचं नाव. सुमन फिश सेंटर."

"दुकानाला नगं. दुकानं देवीच्या नावाची असत्यात, मेलेल्या आयांच्या नावाची असत्यात. कामाला द्या."

"लोक काय म्हनतील, वहिनी?"

"लोक म्हनतील, पेटी चालू झाली."

मी "बघू" म्हणालो आणि बोर्डावर 'बापू रेफ्रिजरेशन' चढलं. त्यानंतर प्रत्येक पेटी चालू झाली की मोटारसायकलवर बसताना तुम्ही मागून विचारायचात, "बघितलं का?" मी म्हणायचो, बाईला कुणी काम देणार नाही. तुम्ही म्हणायचात, विचारून बघितलंत का कुणाला? नव्हतं विचारलं. भीती वेगळीच होती. तुमचं नाव वर गेलं, तर स्टुलावर बसून बोलणाऱ्या माणसाचं काय उरणार? हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्हाला माहीत असणारच, पण सांगायला हवं होतं.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी किसनरावांचा निरोप आला, पेटी बंद पडलीय. मी गेलो. सात-आठ ओळखीची माणसं चहाला बसलेली. मी म्हणालो, आज पेटी बाहेर ओढा, सगळ्यांसमोर काम करतो. बाह्या सरसावल्या आणि सुरुवात केली. उलटा पाना घेतला. नको तो पत्रा काढला. पेटीखालचं पाण्याचं ताट पायावर पाडून घेतलं. कॉम्प्रेसरवर बोटानं टकटक करून "आत कोण हाय?" विचारलं. आधी माणसं पोट धरून हसली. मी थांबलो नाही. अर्धा तास. कुठली वायर कुठं जाते ते मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि हे हळूहळू एकेकाच्या तोंडावर दिसायला लागलं. हसू थांबलं. किसनराव म्हणाले, "बापू, तुमाला खरंच येत न्हाय?"

"न्हाय येत. कधीच येत नव्हतं."

चुलीपुढून किसनरावांच्या मालकीणबाई उठल्या. "त्यांला काय येतंय! सुमनबाई करायच्या. आमच्या सगळ्यांच्या समोर करायच्या."

"आन् तू बोलली न्हाईस कधी?"

"तुमी आत आलाव कधी?"

प्रत्येक ढाब्यावरच्या, प्रत्येक दुकानामागच्या बायकांना माहीत होतं, वहिनी. आठ वर्षं. तुमचं नाव तिथं चांगलं चालत होतं, फक्त परड्याकडून, मागच्या दारानं. किसनरावांनी उघड्या पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "आमी त्यांला एकदा बी खुर्ची दिली न्हाय." माझ्या सगळ्या खेळांत एवढा रंगलेला खेळ दुसरा नाही, आणि तो मी काहीच येत नसल्यानं जिंकला.

बोर्ड उतरवला. पेंटर म्हणाला, नावाआधी 'कै.' टाकू का? म्हटलं नको, 'फ्रीझर मेकॅनिक' टाक, आणि त्यापुढं 'सुमनबाई'. त्याला पेच पडला. बाई गेल्या, मग काम कोण करणार? म्हटलं, काम शब्बीर मिस्त्री करतील बारामतीहून, बोर्ड ज्याचा त्याचा. चढवताना दादानं शिडी धरली. मग खांद्यावरच्या टॉवेलनं बोर्ड पुसला, कोरा करकरीत असून.

काल दुपारी दुकानापुढं एक टेम्पो थांबला, मागं दोरखंडानं बांधलेली पेटी. एक अनोळखी माणूस उतरला, मान वर करून ओठ हलवत बोर्ड वाचला आणि आत आला. मी गल्ल्यावर बसलो होतो. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आतल्या खोलीकडं बघत विचारलं, "मेकॅनिक बाई हायत का?"

मला उठून उभं राहावं लागलं.

"न्हाईत. गेल्या. म्हैना झाला."

"अरारा." त्यानं टेम्पोतल्या पेटीकडं बघितलं. "सोता करायच्या?"

"सोता."

"गॅस बी?"

"गॅस बी."

"कॉम्प्रेसर बी?"

"कॉम्प्रेसर बी."

तो बाहेर गेला, बोर्ड पुन्हा एकदा वाचला, परत आला आणि टोपी काढून बाकावर बसला. "सांगा तर खरं," म्हणाला. "कशा करायच्या?"

सांगितलं, वहिनी. एक शब्द पदरचा घातला नाही.